फितूर कोण: क्लिसों की त्याचा ड्यूक?

ब्रिटनीच्या, म्हणजे फ्रान्सच्या पश्चिम टोकावरच्या मुलखाच्या, मध्ययुगाचा विषय निघाला की वाद ठरलेल्या दोन वाक्यांवर येऊन अडतो. एक पक्ष म्हणतो, ऑलिविए द क्लिसों आणि बर्त्राँ द्यु गेक्लँ हे ब्रिटनीतले चौदाव्या शतकातले सरदार म्हणजे फ्रान्सच्या राजाला विकले गेलेले फितूर. दुसरा म्हणतो, छे, हेच तर अखंड फ्रान्सचे आद्य शिल्पकार. हा वाद नुसत्या तोंडपाटिलकीपुरता राहिलेला नाही. रेन शहराच्या नगरभवनावर ब्रिटनी आणि फ्रान्सच्या मीलनाचं शिल्प होतं, त्यात राजापुढे गुडघे टेकलेली डचेस दाखवली होती. ७ ऑगस्ट १९३२ रोजी ते स्फोटानं उडवलं गेलं. त्याच शहरातल्या थाबोर बागेतला द्यु गेक्लँचा पुतळा १९४६ साली फोडला गेला आणि त्याच्या जन्मगावाजवळचा, ब्रोनमधला, १९७७ साली. सुरुंग लावणारे आणि पुतळे उभारणारे एका बाबतीत मात्र एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत. चौदाव्या शतकातल्या सरदाराची निष्ठा एका देशाला वाहिलेली असते, हे दोघांनीही गृहीत धरलेलं आहे.

माझं म्हणणं याच्या उलट आहे. क्लिसोंचं आणि त्याच्या धन्याचं, म्हणजे ड्यूक ज्याँ चौथ्याचं, नातं हा एक करार होता. त्याला अटी होत्या, अपवाद होते, मोडण्याची रीत होती आणि दाद मागायला कोर्ट होतं. क्लिसोंला दोषी ठरवायचं असेल तर त्याच कराराच्या कलमांवर ठरवा. तसं केलं तर क्लिसों धुतल्या तांदळासारखा निघत नाही हे खरं, पण सर्वांत मोठा करारभंग त्याच्या नव्हे, ड्यूकच्या नावावर लागतो.

आधी हा करार चालायचा कसा ते पाहू. मांडलिक बोडक्या डोक्यानं, कमरेची तलवार सोडून, गुडघ्यावर बसतो. जोडलेले हात धन्याच्या हातांत देतो आणि ‘मी तुमचा माणूस’ असं मोठ्यानं म्हणतो. धनी त्याचं चुंबन घेतो. मग मांडलिक उभा राहून बायबलवर किंवा संतांच्या अवशेषांवर हात ठेवून निष्ठेची शपथ घेतो. पुढचं काम कागदाचं. कोणती गावं, कोणत्या गिरण्या, कोणते हक्क कुणाच्या वतीनं आपल्याकडे आहेत याची यादी त्यानं सादर करायची, सर्वसाधारणपणे चाळीस दिवसांच्या आत. शपथ टाळली तर धनी जमीन ताब्यात घेऊन तिचं उत्पन्न खाऊ शकतो. वारसा बदलला की एक वर्षाचं उत्पन्न धन्याला. ब्रिटनीत ही रीत १२७६ साली ठरली. त्याआधी अज्ञान वारसाची पूर्ण जमीनच ड्यूक सांभाळायला घ्यायचा, आणि सांभाळताना काय होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. सैन्यसेवाही मोजून ठरलेली. १२९४ साली प्लोएर्मेल इथे केलेल्या नोंदीप्रमाणे अवघ्या ब्रिटनीनं ड्यूकला १६६ सरदार आणि १७ स्क्वायर, म्हणजे सरदारकीची दीक्षा न झालेले स्वार, पुरवायचे होते. एवढ्या मोठ्या मुलखातून इतकीच माणसं. ‘तन-मन-धन’ वगैरे काही नाही, हिशेब आहे.

या हिशेबात घोळ होतो तो एका माणसाला एकाहून अधिक धनी असले की. आणि ते अपवादानं नव्हे, सर्रास असायचे. क्लिसोंचा किल्ला ब्रिटनी आणि शेजारचा पोइतू प्रांत यांच्या सीमेवर, जिथे अधिकार दोन्हीकडचे चालायचे. आईकडून आलेली बेलव्हिलची जमीन पूर्णपणे पोइतूत. हा पोइतू १३६० च्या ब्रेतिन्यीच्या तहानं इंग्लंडच्या राजाकडे गेला आणि १३७२ नंतर फ्रान्सच्या राजाकडे परत आला. म्हणजे घरात बसून काहीही न करता क्लिसोंचा एक धनी दोनदा बदलला. खुद्द ड्यूकची अवस्था तरी कुठे वेगळी होती? ब्रिटनीसाठी तो फ्रान्सच्या राजाचा मांडलिक, आणि उत्तर इंग्लंडमधल्या रिचमंडच्या जहागिरीसाठी इंग्लंडच्या राजाचा. हे दोन राजे एकमेकांशी लढत होते. अशा माणसानं कुणाशी एकनिष्ठ राहावं म्हणता?

त्या काळानं यावर काढलेला तोडगा साधा होता: अपवादाचं कलम. २३ ऑक्टोबर १३७० रोजी पोंतोर्सों इथे द्यु गेक्लँ आणि क्लिसों यांनी आपसांत बंधुत्वाचा करारनामा केला. जगणाऱ्या-मरणाऱ्या कुणाहीविरुद्ध एकमेकांना साथ द्यायची, युद्धकैद्यांच्या खंडणीसह सगळ्या लाभात निम्मा वाटा. पण लगेच वगळलेल्यांची नावं येतात: फ्रान्सचा राजा, त्याचे भाऊ, रोहाँचा व्हायकाउंट आणि ‘ज्यांच्याकडून आम्ही जमीन धरतो ते आमचे इतर धनी’. ब्रिटनीच्या ड्यूकचं नाव त्यात नाही. फितुरीवाले याच गोष्टीवर बोट ठेवतात, आणि बोट ठेवण्यासारखी ती आहेच. ड्यूकला ‘इतर’मध्ये ढकलणं हा उघड पाणउतारा आहे. पण वगळलेल्यांत तो आहे हेही तितकंच खरं. दोघे भर दुपारी, शिक्क्यानिशी लिहून देतात की हा करार ड्यूकविरुद्ध वापरायचा नाही. फितुरी करणारा माणूस असा दस्त करून ठेवतो का?

आता विरुद्ध बाजूचे जड मुद्दे. पहिला आणि सर्वांत वजनदार मुद्दा १३७९ चा. १८ डिसेंबर १३७८ रोजी पॅरिसच्या पार्लमाँनं, म्हणजे राजाच्या सर्वोच्च न्यायालयानं, ब्रिटनीची डची, म्हणजे ड्यूकचा सगळा मुलूख, जप्त करून राजाच्या खास मालकीच्या मुलखात जोडली. एप्रिल १३७९ मध्ये ब्रेतों, म्हणजे ब्रिटनीच्या, सरदारांनी रेनला एकत्र येऊन आघाडी केली, खर्चासाठी दर चुलीमागे एक फ्रँक कर बसवला आणि इंग्लंडमध्ये परागंदा असलेल्या ज्याँ चौथ्याला परत बोलावलं. ३ ऑगस्टला तो सें-मालोजवळ उतरला. ज्याच्या घराण्याशी तेवीस वर्षं युद्ध केलं त्याच्या परतीला त्याची वैरीण आणि डचीची दुसरी दावेदार झान द पाँतियेव्हर हिनंसुद्धा पाठिंबा दिला. क्लिसों मात्र राजाच्या बाजूनंच राहिला. अवघा मुलूख एकीकडे आणि हा दुसरीकडे, मग याला दुसरं काय म्हणायचं?

ब्रिटनीत तेव्हा काही एक सामाईक भावना होती हे मी नाकारत नाही. परक्या अंमलदारांची चीड होती, राजाचे कर नको होते. पण याच सरदारांनी सहा वर्षांपूर्वी काय केलं होतं ते पाहा. १३७२ साली ज्याँ चौथ्यानं इंग्लंडशी तह करून किल्ल्यांत इंग्रज शिबंदी आणली, तेव्हा हेच सरदार त्याला सोडून गेले आणि एप्रिल १३७३ मध्ये त्याला इंग्लंडला पळावं लागलं. राष्ट्राच्या चष्म्यातून बघितलं तर ही माणसं १३७३ साली फ्रान्सवादी आणि १३७९ साली ब्रिटनीवादी, म्हणजे निव्वळ टोपीबदलू. कराराच्या अंगानं पाहिलं तर ती दोन्ही वेळा एकाच जागी उभी आहेत. १३७३ साली ड्यूकनं त्यांच्या संमतीशिवाय परकी शिबंदी बसवली, १३७८ साली राजानं रीतसर नोटीस न पोचवता, वारसायुद्ध संपवणाऱ्या १३६५ च्या गेराँदच्या तहानं झानला मिळालेला वारसाहक्क धाब्यावर बसवून, सगळी डचीच गिळली. ज्यानं हद्द ओलांडली त्याच्याविरुद्ध ते गेले. आणि ड्यूक परत आल्यावर ब्रिटनी स्वतंत्र झाली का? १३८१ साली गेराँदलाच दुसरा तह झाला, ज्याँनं दोन लाख फ्रँक देण्याचं कबूल केलं आणि सप्टेंबरात कोंपिएन्यीला जाऊन फ्रान्सच्या राजापुढे हात जोडले. सरदारांना हवं होतं तेच झालं: जुना करार जुन्या अटींवर.

त्या अटी नेमक्या कोणत्या यावर मात्र ड्यूक आणि राजा यांचं कधीच एकमत झालं नाही, आणि इथे मला हसू आवरत नाही. राजाचं म्हणणं, ड्यूकनं ‘लीज’ शपथ घ्यावी, म्हणजे सगळ्या धन्यांत राजा पहिला. ड्यूकचं म्हणणं, साधी शपथ, गुडघे न टेकता. १३६६ साली ज्याँ चौथ्यानं पॅरिसला शपथ घेतली ती ‘पूर्वजांनी जशी घेतली तशी’ एवढ्यावर निभावली, पूर्वजांनी कशी घेतली हे दोघांनीही आपापल्या सोयीनं समजावं. पंधराव्या शतकात तर याचं नाटकच बसलं. ड्यूक उभा, कमरेला तलवार तशीच. राजाचा माणूस म्हणतो ही लीज शपथ, ड्यूकची बाजू म्हणते मुळीच नाही, राजा म्हणतो असू दे, आणि दोन्हीकडचे कारकून आपापल्या दप्तरात आपापलं लिहून घेतात. गंमत बाजूला ठेवली तरी यातून एक गोष्ट निघते. जो ड्यूक आपल्या धन्यापुढे शब्दाशब्दावर अडून बसतो, त्यानंच आपल्या मांडलिकाकडून बिनशर्त निष्ठा मागावी आणि आपण आज त्याची तळी उचलावी, हे कसं?

दुसरा आक्षेप चलाख आहे. तो म्हणतो, हे कलम-बिलम सगळं वरवरचं, खरा खेळ बळाचा. ज्याच्याकडे सैन्य त्याचा कायदा. बळ होतंच. पण मग सगळे जण कागदासाठी इतके का धडपडत होते? दीडशे वर्षं मागे जाऊ. १२२९ साली ब्रिटनीचा कारभारी पिएर मोक्लेर यानं इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीला शपथ वाहिली आणि फ्रान्सच्या नवव्या लुईशी संबंध तोडल्याचं कळवलं. लुई सैन्य घेऊन आला, पण १२३० साली आँस्नी इथे त्यानं आधी सरदार आणि बिशप यांची सभा भरवली. पिएरनं कसूर केल्यामुळे कारभारावरचा त्याचा हक्क संपला आणि ब्रेतों सरदार त्याच्या शपथेतून मोकळे झाले, असा निकाल घेतला. मगच व्हित्रेच्या आंद्रेसारखे सरदार राजाच्या बाजूला जाऊ शकले. निकाल नसता तर ते बंडखोर ठरले असते. १३७३ साली ज्याँ चौथ्यानंही फ्रान्सवर चालून जाणाऱ्या इंग्रज फौजेबरोबर असताना फ्रान्सचा राजा पाचव्या चार्ल्सला पत्र पाठवून शपथ रद्द केली. गावं जाळत निघालेल्या माणसाला पत्राची गरज काय? गरज होती, कारण पत्राशिवाय जाळली तर तो राजद्रोह, पत्र देऊन जाळली तर युद्ध. बळ चालायचं, पण ते कुठल्या वाटेनं चालवलं यावर पुढचे तह, जप्त्या आणि वारसाहक्क ठरायचे.

क्लिसोंला हा फरक घरातूनच शिकायला मिळाला होता. १३४१ साली ड्यूक ज्याँ तिसरा निपुत्रिक वारला आणि वारसायुद्ध पेटलं. फ्रान्सच्या राजानं पुतणी झान द पाँतियेव्हरचा, म्हणजे स्त्रीचा, हक्क उचलून धरला आणि इंग्लंडच्या राजानं पुरुषाचा. गंमत अशी की फ्रान्सच्या गादीबाबत दोघेही याच्या बरोबर उलट मांडणी करत होते. क्लिसोंचा बाप, चौथा ऑलिविए, राजाच्याच पक्षात होता. इंग्रजांशी संधान बांधल्याच्या संशयावरून २ ऑगस्ट १३४३ रोजी पॅरिसला त्याचा शिरच्छेद झाला, धड फाशीच्या खांबाला टांगलं आणि मुंडकं नाँतला पाठवून वेशीवर लावलं. जाहीर सुनावणी नाही, बरोबरीच्या सरदारांचा निवाडा नाही. त्याची बायको झान द बेलव्हिल समुद्रावर उतरली, तिनं फ्रेंच जहाजं लुटली आणि मुलाला घेऊन इंग्लंड गाठलं. तिथे हा मुलगा पोरक्या ज्याँ द मोंफोरबरोबर, म्हणजे पुढच्या ज्याँ चौथ्याबरोबर, वाढला. २९ सप्टेंबर १३६४ ला ओरेच्या लढाईत त्यानं याच ज्याँसाठी एक डोळा गमावला. ज्यांना क्लिसों जन्मजात फ्रान्सधार्जिणा वाटतो त्यांनी हे दोन प्रसंग लक्षात ठेवावेत. त्या घराण्यावर द्रोहाचा शिक्का पहिल्यांदा मारला तो फ्रान्सच्या राजानं.

मग बिनसलं कुठे? बखरकार सांगतात की क्लिसोंला गाव्हर्चा किल्ला हवा होता, ड्यूकनं तो इंग्रज सेनापती जॉन चँडॉसला दिला, आणि इंग्रज शेजारी नको म्हणून क्लिसोंनं तो जाळला. गोष्ट रंगवलेली असेल, पण मुद्दा पक्का आहे. सेवेच्या बदल्यात जमीन हा धन्याच्या बाजूचा हप्ता होता आणि ओरेनंतर तो मुख्यतः इंग्रजांना गेला.

मी म्हटलं तो मोठा करारभंग यानंतरचा. जून १३८७. क्लिसों आता फ्रान्सचा कॉन्स्टेबल, म्हणजे सरसेनापती, इंग्लंडवरच्या स्वारीसाठी त्रेग्येला जहाजं जमलेली. ड्यूक त्याला व्हानला बोलावतो, जेवू घालतो, नव्या लेरमीन किल्ल्याचं बांधकाम बघून मत द्यायला सांगतो. क्लिसों बुरुजात शिरतो आणि दारं लागतात. रातोरात मारून टाकायचा हुकूम झाला आणि तो पाळला गेला नाही असं म्हणतात. क्लिसोंचा मेहुणा लाव्हाल मध्ये पडला म्हणून सुटकेची बोलणी झाली: एक लाख फ्रँक आणि जोसलँ, ब्लँ, लांबालसह किल्ले ताब्यात. स्वारी अर्थातच बारगळली. ड्यूकच्या बाजूनं मांडलं गेलं की त्यानं राजाचा कॉन्स्टेबल पकडला नाही, स्वतःचा मांडलिक पकडला. हेच वाक्य त्याला बुडवतं. मांडलिकच होता ना? मग त्याला दरबारात बोलवायचं, आरोप सांगायचा, बरोबरीच्यांसमोर निवाडा करायचा आणि मग जमीन घ्यायची. निमंत्रण देऊन पाहुण्याला कोंडणं आणि गळ्यावर सुरी ठेवून किल्ले लिहून घेणं हे कोणत्या कलमात बसतं? क्लिसोंनं सुटताना पुन्हा तक्रार करणार नाही अशी शपथ घेतली आणि थेट राजाकडे गेला, हा आक्षेप घेतला जातो. पण धाकाखाली घेतलेली शपथ बांधत नाही हे तर चर्चच्याच कायद्यात होतं. ब्रिटनीतून पॅरिसला दाद मागायची वाटही खुली होती, १२९७ साली डचीला पेरेजचा, म्हणजे राज्यातल्या पहिल्या फळीतल्या जहागिरीचा, मान मिळाला तेव्हापासून मान्य असलेली, फक्त दोन कारणांसाठी: न्याय नाकारला किंवा खोटा न्याय दिला तर. इथे न्याय मुळात झालाच नव्हता. १३८८ साली राजानं पैसे आणि किल्ले परत करायला लावले आणि ड्यूकला निमूट पॅरिसला यावं लागलं.

क्लिसोंच्या विरुद्ध मला सर्वांत खरा वाटणारा मुद्दा मात्र त्याचे टीकाकार क्वचितच काढतात. तो आहे सोयरिकीचा. १३६५ च्या तहात लिहिलं होतं की मोंफोर घराण्यात पुरुष वारस नसेल तर डची पाँतियेव्हरकडे जाईल. १३८७ साली ज्याँ चौथ्याची तिसरी बायको होती आणि मुलगा नव्हता. अशा वेळी क्लिसोंनं इंग्रजांच्या कैदेतल्या ज्याँ द पाँतियेव्हरची, म्हणजे झानच्या मुलाची, १,२०,००० फ्रँक खंडणी भरली आणि जानेवारी १३८८ मध्ये आपली मुलगी मार्गरीत त्याला दिली. म्हणजे सगळं जुळून आलं असतं तर क्लिसोंचा नातू ब्रिटनीचा ड्यूक झाला असता. कायद्यात हे कुठेही गुन्हा म्हणून बसत नाही. पण मांडलिकानं धन्याचं अहित करू नये या शपथेच्या गाभ्याला ते सरळ छेद देतं. ड्यूकची धास्ती खोटी नव्हती, उपाय खोटा होता. पुढे १३८९ च्या डिसेंबरात ड्यूकला मुलगा झाला तेव्हा डावाची धार गेली, पण वैर राहिलं. १३९२ च्या जूनमध्ये पॅरिसच्या रस्त्यात क्लिसोंवर मारेकरी घातले गेले, हल्लेखोर पिएर द क्राँ ब्रिटनीत लपला, त्याला पकडायला निघालेला राजा सहावा चार्ल्स ल माँच्या रानात वेडा झाला, आणि राजाच्या काकांनी क्लिसोंचं पद काढून घेतलं. मग तीन वर्षं दोघांनी ब्रिटनीतच एकमेकांची गावं उजाड केली. त्यात मेलेल्या कुळांना कुणाच्या करारात कलम नव्हतं, हेही नोंदवायला हवं.

१३९५ साली तडजोड झाली आणि ती टिकली. १३९९ साली ड्यूक मेला तेव्हा वारस दहा वर्षांचाही नव्हता, क्लिसोंचा जावई गादीचा जुना दावेदार, जोसलँमध्ये पैसा आणि शिबंदी. फितूर माणसाला याहून चांगली संधी कोणती? क्लिसोंनं ती घेतली नाही. उलट १४०२ साली रेनला त्या मुलाला, पाचव्या ज्याँला, त्यानंच सरदारकीची दीक्षा दिली. २३ एप्रिल १४०७ ला, ७१ व्या वाढदिवशी, तो जोसलँला वारला.

पुढची पिढी वेगळी निघाली. फेब्रुवारी १४२० मध्ये मार्गरीतच्या मुलांनी पाचव्या ज्याँला निमंत्रण देऊन वाटेत पकडलं, म्हणजे त्याच्या बापानं क्लिसोंशी केलं तेच. या वेळी करार, अपवाद, दाद यांतलं काहीही चर्चेला आलं नाही. जुलैत ड्यूक सुटला, पाँतियेव्हर घराण्यावर राजद्रोहासारखा खटला चालला आणि जमिनी जप्त झाल्या. राजे जो गुन्हा आपल्यापुरता राखून ठेवत होते तो आता ड्यूकनंही आपल्या नावावर करून घेतला होता. शंभर वर्षांनी, १५२३ साली, फ्रान्सचाच दुसरा कॉन्स्टेबल शार्ल द बुर्बों वारसाच्या खटल्यावरून राजाशी भांडून परक्या सम्राटाकडे गेला, तेव्हा तर शपथ परत केल्याचं पत्र देऊन सुटायची सोयच उरली नव्हती. ‘फितूर’ हा शब्द बुर्बोंला लावायचा की नाही यावर वाद घालता येईल, कारण राजद्रोहाचा तो कायदा त्याच्या वेळी होता. क्लिसोंच्या वेळी तो अजून घडत होता, आणि त्याचा पहिला घाव क्लिसोंच्याच बापाच्या मानेवर पडला होता.